ओल आणि आरोपी

मराठी माणसाला ओलाव्याचे फार कौतुक. नात्यात ओलावा हवा, बोलण्यात ओलावा हवा, कवितेत तर इतका हवा की संग्रह पिळून दोरीवर वाळत घालावा. एखाद्याला 'कोरडा' म्हटले की तो माणूस मनातून उतरलाच! असा हा सर्वगुणसंपन्न ओलावा एके दिवशी आमच्या बेडरूमच्या भिंतीत आला आणि घरात होता नव्हता तेवढा सगळा ओलावा त्या भिंतीने शोषून घेतला. मी बायकोशी कोरडे बोलू लागलो, बायको रंगाऱ्याशी कोरडे बोलू लागली आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरांशी तर आम्ही बोलणेच टाकले.

पण माझी तक्रार भिंतीबद्दल नाही. माझी फिर्याद एका शब्दाविरुद्ध आहे. तो शब्द म्हणजे 'लीकेज'. हा शब्द आपल्याकडे आला आणि विचार करण्याची गरजच संपली. भिंत ओली दिसली की म्हणायचे, "लीकेज आहे." पुढचे वाक्य ठरलेले, "वरच्यांचं असणार."

आमच्या भिंतीवर डाग पहिल्यांदा दिसला तो २०२२ च्या जुलैत. खिडकीच्या वर, छताला लागून, कोपऱ्यात. प्रथम तो पापडाएवढा होता. आठवड्याभरात थालिपिठाएवढा झाला. पुढे त्याने श्रीलंकेचा आकार घेतला आणि गणपती येईपर्यंत त्याची दक्षिण अमेरिका झाली. त्या दिवसांत आमच्याकडे जो येई तो चपला काढता काढता निदान करी. ओल ही अशी एक गोष्ट आहे की तिच्यावर मत द्यायला कसलीही पात्रता लागत नाही. संगीत, राजकारण आणि ओल, या तिन्ही विषयांत आपल्याकडे अडाणी माणूस नाही.

रंगारी म्हणाला, "साहेब, पुट्टी मारून डबल कोट देतो, दिसणारसुद्धा नाही." त्याच्या प्रामाणिकपणाचे मला आज कौतुक वाटते. 'जाईल' असे तो म्हणालाच नव्हता, 'दिसणार नाही' एवढेच म्हणाला होता. प्लंबर म्हणाला, "वरच्यांचा नहाणी ट्रॅप गेलाय, फोडायला लागेल." वॉटरप्रूफिंगवाल्याने डॉक्टरने पोट वाजवावे तशी भिंत वाजवली आणि केमिकल सुचवले. त्याला दहा वर्षांची गॅरंटी होती. त्याच्या कंपनीला दोन वर्षे झाली होती. माझे साडू हल्ली वास्तुशास्त्र बघतात. ते म्हणाले, "नैर्ऋत्येला पाणी? वाईट. पलंग हलवा." पलंग हलवला. डाग हलला नाही. मात्र या सगळ्या मंडळींत नैर्ऋत्य दिशेचे नाव घेणारा हा एकच माणूस होता, हे मला फार उशिरा कळले.

आणि सोसायटीचे सेक्रेटरी! त्यांना तर डाग बघायचीही गरज पडली नाही. जिन्यातूनच म्हणाले, "हे इंटर्नल लीकेज. तुमचं आणि वरच्यांचं आपसांत मिटवा."

आता नीट पाहा. रंगाऱ्याला रोग सापडला तो रंगाने बरा होणारा. प्लंबरला सापडला तो फोडून बरा होणारा. केमिकलवाल्याला केमिकलचा, वास्तुवाल्याला वास्तूचा आणि सेक्रेटरींना असा, की ज्यावर सोसायटीचा पैसाही खर्च होऊ नये. एकाच डागाची ही पाच निदाने, आणि प्रत्येक निदान ज्याच्या त्याच्या खिशातून निघालेले. डागाकडून कोणी सुरुवात केलीच नाही. मीही नाही. मला आरोपी हवा होता आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहत होता.

मास्तर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. वय शहात्तर, एकटेच राहतात. त्यांची बाथरूम आमच्या कोपऱ्याच्या अलीकडेच येते. झाले, पुरावा मिळाला! कमिटीच्या सभेत मी भाषण केले. त्यात 'सामाजिक जबाबदारी' हे शब्द चार वेळा आले. ठराव झाला. 'तिसऱ्या मजल्यावरील सदस्यांच्या निष्काळजीपणामुळे' अशी त्याची सुरुवात होती. डिसेंबरात मास्तरांनी एक शब्द न बोलता बाथरूम फोडून घेतली. पंचाऐंशी हजार रुपये आणि एकोणीस दिवस लागले. ते एकोणीस दिवस रोज सकाळी मास्तर खांद्यावर पंचा टाकून, हातात तांब्या घेऊन पहिल्या मजल्यावरच्या ओळखीच्या घरी आंघोळीला जात. आमच्या दारावरूनच जावे लागे. मी तेवढ्या वेळात पेपर वाचत असे.

जानेवारीत डाग खडखडीत वाळला. मी सेक्रेटरींना बोलावून तो दाखवला. रंगाऱ्याला बोलावून डबल कोट दिला. जूनच्या शेवटी, दोन दिवस वाऱ्याचा पाऊस झाला आणि डबल कोटाला फोड आले. आतल्या पाण्याला बाहेर पडायला रंगाने वाट ठेवली नव्हती, त्यामुळे ते रंगच घेऊन बाहेर पडले. त्यामागून दक्षिण अमेरिका आली, आहे त्या जागी आणि आहे त्या आकारात.

इथे मी एक सिद्धांत मांडतो. तो कोणीही घ्यावा, फुकट आहे. पावसाळी ओलीवर हिवाळ्यात केलेला प्रत्येक उपाय यशस्वी होतो. पलंग हलवा, लिंबू टांगा, शेजाऱ्याची बाथरूम फोडा. जानेवारीत डाग वाळणारच. तो तुमच्या उपायाने वाळत नसून जानेवारीने वाळतो.

मराठीत पाण्याच्या चालीला किती शब्द आहेत बघा. गळणे, झिरपणे, पाझरणे, लोणा लागणे, सर्दावणे. शाळेत हे आपल्याला समानार्थी म्हणून शिकवले. ते समानार्थी नव्हेत. ते पाच वेगळे रोग आहेत, आणि आपल्या आज्यांना ते तोंडपाठ होते. आपण त्या सगळ्यांना मिळून एकच 'लीकेज' केले. म्हणजे हिवताप, विषमज्वर आणि गोवर या तिघांना 'अंग गरम आहे' म्हणावे आणि शेजाऱ्याला इंजेक्शन द्यावे, त्यातली ही गत.

गळते ते वरून. गच्चीचा कोबा फुटला, चायना मोझॅकचे सांधे उघडले, पाण्याचा उतार चुकला की शेवटच्या मजल्याच्या छतावर गोल गोल डाग पडतात. पाऊस आला की येतात आणि पाऊस थांबला तरी काही दिवस रेंगाळतात, कारण कोब्यात साठलेले पाणी सावकाश उतरते. इथे 'डाग तिथे भोक' असा न्याय नाही. पाणी स्लॅबमधून वाट काढत दहा फूट लांब जाऊन उतरते. पण एक नक्की, की गच्ची गळाली तर आधी सगळ्यांत वरच्या मजल्याला भिजवील. चौथा मजला कोरडा ठेवून दुसऱ्याला शोधत ती सहसा येत नाही.

झिरपते ते बाहेरच्या भिंतीतून. आपला पाऊस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो आणि तोही सरळ पडत नाही, दक्षिण-पश्चिमेकडच्या भिंती झोडपत पडतो. काँक्रीटची तुळई आणि विटांची भिंत ही दोन वेगळ्या स्वभावाची माणसे. उन्हाने दोघे सारखे फुगत नाहीत, म्हणून त्यांच्या सांध्यावर केसाएवढी चीर जाते. खिडकीच्या छज्जाखाली पाणी तुटून पडावे म्हणून कडेला एक खाच ठेवतात. ती नसली की पाणी छज्जाच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत चालत जाते. या ओलीची खूण अशी, की वाऱ्याचा पाऊस झाला की काही तासांत, फार तर एका दिवसात डाग गडद होतो आणि उघडीप पडली की मागे हटतो.

पाझरते ते नळातून, ड्रेनेजच्या पाइपातून, बाथरूममधून. ही ओल पंचांग बघत नाही. एप्रिलातही असते, दिवाळीतही असते. बाथरूमखालच्या खळग्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. एकदा फरशीचे सांधे गेले की तिथे विहीर तयार होते आणि ती शेजारच्या खोलीच्या भिंतीला बाराही महिने पाणी पुरवते. परीक्षा सोपी आहे. नहाणीचे तोंड चिंधीने बंद करून दोन बोटे पाणी साठवावे, त्यात थोडा रंग टाकावा आणि एक दिवस वाट बघावी. पाणी उतरले, खाली डाग वाढला किंवा रंग दिसला, तर बाथरूम दोषी. नळाच्या पाइपाचा संशय असेल तर वरचा व्हॉल्व्ह दिवसभर बंद ठेवून डागाचे काय होते ते बघावे. चिंधी आणि चिमूटभर रंग, एवढाच खर्च. हे आधी केले असते तर मास्तरांचे पंचाऐंशी हजार वाचले असते. आम्ही केले नाही, कारण ठराव करणे जास्त सोपे होते.

लोणा लागतो तो खालून. जमिनीतले पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे विटांतून चढते. जोत्यावर पाणी अडवणारा थर नसला किंवा पिचला की हे होते. जमिनीपासून साधारण तीन फुटांवर एक आडवी रेघ दिसते, तिच्या आसपास मिठासारखी पांढरी भुकटी आणि हात लावला की प्लास्टर सांडते. कोकणातल्या जुन्या घरांत ही रेघ बघत आपण लहानाचे मोठे झालो. ही ओल तळमजल्याची. तरीही दुसऱ्या मजल्यावर येऊन "साहेब, ही जमिनीची ओल आहे" म्हणणारा एक कंत्राटदार मला भेटला. त्याला मी चहा देऊन वाटेला लावला.

आणि सर्दावते ते आपल्याच कर्तृत्वाने. जुलैत खिडक्या लावून आपण घरात कपडे वाळत घालतो. एक बादली कपड्यांतले लिटर-दोन लिटर पाणी नाहीसे होत नाही, हवेत जाते. त्यात कुकरच्या शिट्ट्या, गिझरची वाफ आणि चार माणसांचा श्वास. ही वाफ थंड भिंत शोधत हिंडते आणि कपाटामागे, कोपऱ्यात, एसीच्या खोलीला लागलेल्या भिंतीवर जाऊन बसते. तिथे काळे ठिपके येतात, कपाटातल्या पैठणीला कुबट वास लागतो आणि आपण वर बघून म्हणतो, "यांचं लीकेज!" याचीही परीक्षा आहे. पोळ्या गुंडाळायच्या चकचकीत कागदाचा वीतभर तुकडा भिंत पुसून चारी बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवावा आणि दोन दिवसांनी बघावे. थेंब खोलीच्या बाजूला असले तर ओल आपल्या हवेची. कागदाच्या मागे, भिंतीच्या बाजूला असले तर भिंतीची. या ओलीवर सगळ्यांत महाग केमिकल म्हणजे उघडी खिडकी.

"पण आम्ही काय इंजिनिअर आहोत का?" हा प्रश्न मला लोक विचारतात. अहो, तुम्ही आंब्याचेही इंजिनिअर नाही. तरी देठाजवळ वास घेऊन पायरीवाल्याला 'हा हापूस नव्हे' म्हणून परत पाठवताच ना? कलिंगड वाजवून घेताच ना? भिंतीला चारच प्रश्न विचारायचे. कुठे? कधी? आकार कसा? आणि पाऊस नसतानाही आहेस का? इंजिनिअर हवाच, पण तो केव्हा हवा हेही भिंतच सांगते. स्लॅबच्या खाली तांबूस ओघळ दिसले, सळईच्या रेषेने चीर गेली किंवा पोपडा पडून आतली सळई उघडी झाली, की मग थट्टा पुरे. गंजलेले लोखंड मूळच्या दुपटीहून अधिक जागा मागते आणि ती जागा काँक्रीट फोडून मिळवते. तिथे रंगाऱ्याला बोलावणे म्हणजे हाड मोडलेल्याला पावडर लावणे. पुन्हा, ओल फक्त भिंतीचे खाते असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर एक अख्खी मार्गदर्शिका काढली, ती दम्याच्या आणि श्वासाच्या विकारांसाठी. रंगाच्या शेडसाठी नव्हे.

आमच्या घरात हे प्रश्न भिंतीला विचारले ते बायकोने. मी सेक्रेटरींना दुसरे पत्र लिहायला बसलो असताना तिने स्टुलावर चढून पेन्सिलीने डागाच्या कडेने रेघ ओढली आणि शेजारी तारीख घातली. मी म्हटलं, "भिंत खराब होईल." ती म्हणाली, "आणखी?"

पुढचे दोन महिने ती रेघा ओढत होती आणि दुधाच्या हिशेबाशेजारी कालनिर्णयावर पावसाची नोंद करत होती. मुसळधार पण सरळ पाऊस झाला त्या दिवशी डाग जागचा हलला नाही. वाऱ्याने खिडकी लावून घ्यावी लागली त्या प्रत्येक दिवशी तो बोटभर पुढे सरकला. गणपतीत मास्तरांकडे पुतण्याचा सगळा परिवार आला होता. त्या पाच दिवसांत वर माणशी दोन आंघोळी झाल्या असतील, पण पाऊस नव्हता आणि डाग उलट आक्रसला. दिवाळीनंतर भिंत कोरडी ठणठणीत झाली तेव्हा आम्ही दोरीवरून उतरणाऱ्या एका कारागिराला बोलावले. त्याने बाहेरून पाइपाने पाणी मारायला सुरुवात केली, खालून वर, प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास. खिडकीखाली काही नाही. खिडकीच्या बाजूला काही नाही. छज्जाच्या वर पाणी लागले आणि वीस मिनिटांनी आत बायकोच्या पेन्सिलीच्या पहिल्या रेघेत भिंत गडद झाली. बाहेर तुळईखाली चीर होती आणि तिच्यात दोन पानांचे पिंपळाचे रोप सुखाने नांदत होते. चीर उघडून भरली, पिंपळ मुळासकट काढला, छज्जाला खाच दिली. खर्च साडेसहा हजार, चहा धरून. २०२४ चा पावसाळा आला आणि गेला. डाग आला नाही.

आता सेक्रेटरींच्या जिन्यातल्या निदानाचा अर्थ सांगतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची, बाहेरच्या भिंतींची आणि सामायिक पाइपांची गळती ही संस्थेच्या खर्चाची बाब आहे. सदस्याच्या घरातले संडास, सिंक वगैरेंची गळती सदस्याच्या खर्चाची. म्हणजे 'इंटर्नल' हे निदान नव्हते, ते बिल होते, आणि त्यावर पत्ता मास्तरांचा होता. कुठेतरी पाणी मुरत होते ते भिंतीत नव्हे. पण सेक्रेटरींना दोष देऊन मी सुटत नाही. त्यांनी बिल लिहिले, ते पोचवले मी. चार वेळा 'सामाजिक जबाबदारी' म्हणून.

मी वर गेलो. दोन वर्षांनी. मास्तरांनी दार उघडले आणि चहाच टाकला. मी सगळे सांगितले. म्हटलं, "निम्मे पैसे तरी मी..."

ते म्हणाले, "मला तेव्हाच माहीत होतं. मी आंघोळ बाराही महिने करतो. तुमचा डाग चार महिने यायचा. आणि तुमचा तो कोपरा नैर्ऋत्येचा. मी तीस वर्षं मोसमी वारे शिकवलेत हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारायला कुठे आला होतात? तुम्ही सांगायला आला होतात."

पैसे त्यांनी घेतले नाहीत. मग जरा थांबून म्हणाले, "एक मात्र करा. ते इतिवृत्तात 'निष्काळजीपणामुळे' असं लिहिलंय ना, तेवढं काढता आलं तर बघा. ते कायम राहतं."

हे सोपे असेल असे मला वाटले होते. सेक्रेटरी म्हणतात, मंजूर झालेले इतिवृत्त बदलता येत नाही. मी म्हटले, मग नवा ठराव करू. ते म्हणाले, विषयपत्रिकेवर विषय नाही. गेल्या वर्षी वार्षिक सभेत 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यात मी उभा राहिलो, तेव्हा गणसंख्या गेली होती, कारण बाहेर बटाटेवडे आले होते. या वर्षी मी लेखी विषय दिला आहे. बाहेरच्या भिंतीची चीर, तिचे फोटो, तारखांचे कालनिर्णय, सगळे जोडले आहे. दुसरा विषय संस्थेने मास्तरांना पंचाऐंशी हजार परत करण्याचा आहे. तो फेटाळतील, पण इतिवृत्तात मांडला गेला एवढे तरी येईल.

सभा पुढच्या रविवारी आहे. रंगारी काल विचारून गेला, "साहेब, भिंत आता सुकी आहे, डबल कोट मारू?"

मी नको म्हटले. पेन्सिलीच्या रेघा आणि तारखा अजून भिंतीवर आहेत. ठराव होईपर्यंत राहतील.